ताईच्या कपाटातल्या गोळ्या

प्रिय ताई,

गुडघा कसा आहे? व्यायाम घेणारी बाई सांगते तेवढंच चाल, उगाच शूरपणा करू नकोस. हे फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि माझी जीभ दोन वाक्यांतच टाळूला चिकटते. कागदावर ती अडचण नाही.

माझ्या गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले. गोळी घेतली की अर्ध्या तासाने तोंडात थोडी लाळ सुटते, आणि घामाने पाठही भिजते. झोपताना हिरड्यांना जेल लावते, दिवसभर बिनसाखरेचं च्युइंगगम चघळते. संग्रहालयात सगळे मला रवंथबाई म्हणतात. लोकांना दालनं दाखवत, बोलत फिरायचं मात्र सुटलं ते सुटलंच. आता तिकीट खिडकीत बसते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चार वर्षांपूर्वी आला असतात तर लाळेच्या ग्रंथींत बराच जीव होता. दातही वाचले असते." सहा दात गेले, ताई.

चार वर्षांपूर्वी मी तुझ्याकडेच आले होते. कोरडा घास उतरत नाही, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, असं तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहून सांगितलं. तू भांडी विसळत होतीस. मागे वळूनही न बघता म्हणालीस, "मनाचे खेळ आहेत तुझे. पाणी पीत जा." आई गेल्यापासून तुझा शब्द माझ्यासाठी शेवटचा. मी पाणी पीत राहिले.

गेल्या महिन्यात तुझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू मला चष्मा आणायला घरी पाठवलंस. कपाटात चष्म्याच्या मागे बाटली होती. मी घेते त्याच गोळ्यांची. खाली फाइल, त्यात तुझं नाव, माझ्याच आजाराचं नाव, आणि तारीख सात वर्षांपूर्वीची. सगळं होतं तसं ठेवलं आणि चष्मा घेऊन निघाले.

चष्मा तुझ्या हातात दिला तेव्हा माझ्या चेहऱ्यावरूनच तुला कळलं. म्हणालीस, "एकटीला असलं तर लपवता येतं. दोघींना आहे म्हटलं की घराण्याचा रोग होतो." आणि भिंतीकडे तोंड फिरवलंस. शाळेत माझी पट्टी हरवली तेव्हा स्वतःची मोडून अर्धी मला देणारी तू! माझं निदान झालं तेव्हाही तू गप्पच राहिलीस. ते मला सगळ्यात जास्त लागलंय.

मी हे लिहिणारच नव्हते. पण काल तुझ्या चिमीचा फोन आला. सव्वीस वर्षांची पोर, साधं बिस्किटसुद्धा पाण्याच्या घोटाबरोबर गिळते म्हणाली. "आई म्हणते, बडबड कमी कर. मावशी, मी नाटक करते का गं?" मी म्हटलं, नाही. शुक्रवारी तिला माझ्या डॉक्टरीणबाईंकडे नेतेय. घरात आणखी कुणाला आहे का, हे त्या आधी विचारतील, आणि मी दोघींची नावं सांगणार आहे. त्याआधी तिला ते तुझ्या तोंडून कळू दे.

अजूनही तुझीच,
धाकटी