निसटलेला दोरा

नेरे, मंगळवार

आज वर्गात तंबोरा मीच लावला आणि नीट लागलाय असं समजून शिकवायला बसले. तेवढ्यात वाडीवरची कमल म्हणाली, "बाई, दोरा निसटलाय का? तार मुकी वाजतीया." दिवसभर खुरपणी करून गाणं शिकायला येते ती. पाहिलं तर तारेखालचा दोरा खरंच सरकला होता. झंकार येतो तो त्या दोऱ्यामुळेच. मला कसं कळलं नाही?

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, गोठा सारवून हा वर्ग काढला, तेव्हा शेतमालक आणि वाडीवरची माणसं एकाच सतरंजीवर बसवली. फी नाही, जात विचारायची नाही. "ज्याला ऐकू येतं त्याला गाता येतं," एवढीच त्यांची अट. त्यांच्या माघारी वर्ग माझ्याकडे आला. आणि आता मलाच ऐकू येईनासं झालं तर? परवा भात करपला, तेव्हा शिट्टी झालीच नाही म्हणून मी कुकरला दोष दिला होता. कुणाला सांगू? सांगितलं तर वर्ग कोण चालवणार?

दोरा पुन्हा बसवला. "आता?" मी विचारलं.

"आता लई ग्वाड वाजतुया," कमल म्हणाली.

मी हसून मान डोलावली. मला काहीच फरक कळला नव्हता.