मागच्या लांब पायांचे यंत्र

मी, खाली सही करणारी, जिला चौकातले लोक ‘बोर्डवाल्या ताई’ म्हणतात ती, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन ठिकाणावर असल्याचा दाखला कोणी देत नाही, म्हणून मी मागितला नाही. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही धाकट्या भावाला दिले होते. ते आता रद्द समजावे.

१. आईवडिलांच्या घरातला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेतली ठेव भावजयीला, तिच्या एकटीच्या नावावर. उरलेला अर्धा धाकट्याचा आहेच. मध्ये भिंत घालायची की नाही, हे तिने ठरवावे.

२. भिंग लावलेला टेबलदिवा शेजारच्या शिंपीबुवांना. सुईत दोरा ओवायला तो ते रोज मागून नेतात आणि परत करताना तोंड पाडतात. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी सांगितले. बुवांनी क्षणभरही विचार न करता दिवा निवडला.

३. यंत्र. हे जरा सविस्तर लिहिते, कारण भांडण इथेच आहे.

लिफ्ट, पंप, धुलाई यंत्रे यांचे जळलेले सर्किट बोर्ड नव्याने बनवून देणे हा माझा धंदा. तांब्याचा पत्रा चिकटवलेल्या पाटीवर शाईने रेषा काढायच्या आणि पाटी आम्लात ठेवायची. उघडे तांबे विरघळते, शाईखालचे राहते. सुरुवातीला मी हे प्लास्टिकच्या घमेल्यात, हाताने हलवत करत असे. बोटे कायमची तपकिरी झाली ती तेव्हाच. मग मी यंत्र बांधले. माशांच्या टाकीची काच कापून उथळ ताटली केली, माशांच्याच पंपाची हवा भोके पाडलेल्या नळीतून आम्लात सोडली आणि भंगारातल्या गाडीची वायपरची मोटर ताटली डोलवायला लावली. तीनदा काच तडकली, एकदा छतापर्यंत आम्ल उडाले. धाकटा तेव्हा बाजूला बॅटरी धरून उभा असायचा आणि म्हणायचा, “ताई, पुरे आता, कुणी विचारतंय का तुला?”

यंत्र चांगले चालले, तरी तांबे सगळीकडे सारखे विरघळेना. हवा नेहमी उंच बाजूने निघते आणि माझी फरशी उतरती. ही खोली पूर्वी धोब्याची होती, पाणी मागच्या मोरीकडे वाहावे म्हणून तसा उतार दिलेला. फरशी फोडण्यापेक्षा मी यंत्राचे मागचे पाय लांब केले. गवंडीदादांनी पाणसळ लावून पाहिली आणि यंत्र सरळ झाले.

पुढे माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. धाकटा म्हणाला, “ताई, तू आराम कर, दुकान मी बघतो.” त्याच्यावर माझा आंधळा विश्वास होता, आणि त्या दिवसांत डोळ्यांना पट्टीही होती. परत आले तेव्हा यंत्राचे स्क्रू वेडेवाकडे बसलेले दिसले. मी स्क्रू आवळते तेव्हा प्रत्येकाची खाच उभी ठेवते. कोणीतरी सगळे यंत्र खोलून मापे घेतली होती. मी स्वतःची समजूत घातली की त्याने साफसफाई केली असेल.

नंतर यंत्रांच्या प्रदर्शनात माझे यंत्र मला भेटले. निळा रंग, पितळी पाटी, पाटीवर ‘संकल्पना व निर्मिती’ आणि खाली धाकट्याचे नाव. गिऱ्हाइकाने माझ्याकडे बोट करून विचारले, तेव्हा तो म्हणाला, “ही माझी मोठी बहीण. घरीच असते.” यंत्र चोरले ते मी एक वेळ पोटात घातले असते. हे वाक्य घालता आले नाही. ज्याला मी अ आ इ शिकवले, त्याने एका वाक्यात माझे सगळे आयुष्य पुसले.

त्याने मागचे पायसुद्धा तसेच लांब ठेवले होते. माहितीपत्रकात त्याला ‘खास कलती बांधणी’ म्हटले होते. ताई करते त्यामागे काहीतरी शहाणपण असणारच, एवढा त्याचा माझ्यावर भरवसा. हे लिहिताना हसू येते आणि मग वाईटही वाटते.

तक्रारी येऊ लागल्या तेव्हा तो दुकानात आला. “ताई, पुढच्या बाजूचं तांबं निघतच नाही आणि मागच्या रेषा खाल्ल्या जातात. असं का होत असेल?”

“मला काय कळतंय त्यातलं? मी घरीच असते.”

तो ‘चुकलं’ एवढे म्हणाला असता तर मी तिथल्या तिथे सांगितले असते. तो उठून गेला.

मागचे पाय लांब का, हे आजवर एकाच माणसाने विचारले. भावजय डबा घेऊन आली होती, दारातच थबकून म्हणाली, “वन्सं, हे मागून उंच का हो?” मी सांगितले. नवऱ्याला का सांगितले नाहीस, असे परवा विचारले, तर म्हणाली, “त्यांनी मला कधी विचारलं नाही.” मूळ यंत्र तिला. सपाट जागेवर ठेवण्याआधी तिने पाय कापून घ्यावेत.

४. दुकानाची खोली धाकट्याला. वकीलबाईंनी दोनदा विचारून खात्री केली. अट एवढीच की फरशी समपातळीत आणू नये. त्याचे यंत्र सरळ उभे राहील अशी जागा माझ्या माहितीत हीच एक आहे, ती मी त्याला देत आहे. त्याने ते इथे आणून लावावे, पाटीसकट. फरशी अशी का, असे गिऱ्हाइकाने विचारले की त्याने सांगावे, माझी बहीण इथे काम करायची. ती घरी नसायची.

अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी आणि कलम तीन व चार धाकट्यासमोर मोठ्याने वाचावे.

ठिकाण : दुकान, मोरीजवळचे टेबल
दिनांक : सहीखाली माझ्या हाताने घातला आहे
सही : बोर्डवाल्या ताई (अंगठ्याचा ठसाही दिला आहे, तो तपकिरी आहे, शाई लावलेली नाही)

आमच्यासमक्ष सही केली :
१. डोळ्यांचे डॉक्टर
२. गवंडी, ज्यांनी पाणसळ लावली