कालचाच आकडा

प्रिय बारक्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहोत. फोनच केला असता, पण आपल्या घरचा फोन तुला ठाऊक आहे. कायम स्पीकरवर, आणि मधोमध बाबा.

आधी तुझ्या प्रोग्रॅमची तक्रार. पाणीखात्याच्या साइटवरून रोज सकाळी नदीची पातळी आणून आपल्या होडीच्या तिकीटखिडकीतल्या स्क्रीनवर दाखवणारा तो तुझा लाडका प्रोग्रॅम. गेल्या आठवड्यात धक्क्याची खालची पायरी बुडाली, लोक चपला हातात घेऊन होडीत चढले, आणि स्क्रीनवर आकडा जैसे थे! बाबांनी तो बघितला, पाणी कमी आहे म्हणाले आणि होडी नेहमीसारखी पुलाखालून घातली. छत पुलाला घासलं. पत्रा पार चेपला. कुणाला लागलं नाही, पण शाळेच्या बाई छताबाहेर, पुढच्या बाकावर उभ्या होत्या रे. त्या वेळेवर खाली बसल्या म्हणून निभावलं.

मग मी तुझा प्रोग्रॅम उघडला. हसू नकोस, तूच शिकवलंयस. साइट खिडकीतल्या त्याच कॉम्प्युटरवर एरवी छान उघडत होती, प्रोग्रॅमला मात्र काही मिळत नव्हतं, आणि तक्रारीचा एक शब्द नाही. शोधता शोधता तुझी ती ओळ सापडली: काहीही बिघडलं तर शेवटचा मिळालेला आकडा दाखव. शेजारी तू लिहिलंयस, 'बाबा घाबरतात.' मला आठवलं. एकदा स्क्रीनभर लाल इंग्रजी अक्षरं आली, तर बाबा दिवसभर होडी बांधून बसले होते, जेवलेसुद्धा नाहीत. तू मायेनं केलंस, मला कळतं. तरी तुझा कान पिळावासा वाटला.

ती ओळ काढल्यावर खरी चूक दिसली, ४०३. म्हणजे पत्ता बरोबर, पण साइट दारातूनच परत पाठवतेय. मी हट्टाला पेटले, पुन्हा पुन्हा विचारत सुटले, तर ४२९ आला, फार वेळा विचारताय, थांबा! साइटलाही तुझी ताई कळली म्हणायची. थोडं थांबून नियमांचं पान वाचलं. आता विचारणाऱ्या प्रोग्रॅमनं आधी आपली ओळख द्यायची असते. हेडरमध्ये, म्हणजे विचारण्याआधी जी माहिती जाते तिच्यात, आपल्या होडीचं नाव आणि माझा ईमेल घातला, आणि लगेच आकडा आला. स्क्रीनवरच्यापेक्षा हातभर जास्त.

प्रोग्रॅम सुधारला, पण माझ्या डोक्यातला भुंगा जाईना. पुलाच्या खांबावर पातळीची पट्टी रंगवलेली आहे. तुझी स्क्रीन आली तेव्हा बाबांनीच नाक मुरडलं होतं, मला खांब दिसतो, हे खेळणं कशाला म्हणून. रोज खांब बघून तुझ्या आकड्यात खोट काढायचे. मग इतके दिवस आकडा चुकला आणि बाबा अवाक्षर बोलले नाहीत, हे कसं?

काल खिडकीत बसून मी त्यांनाच विचारलं, खांबावर किती पाणी आहे. त्यांनी खांबाकडे मान वळवली, आणि मग वाकून माझ्या स्क्रीनवरचाच आकडा सांगितला. तोही डोळे अगदी स्क्रीनच्या काचेला लावून वाचलेला. मला रडूच आलं. मग म्हणाले, बारक्याला कळवू नकोस, उगाच काम सोडून धावत येईल. डॉक्टरचं नाव काढलं तर उठून गेले. डॉक्टर होडी सोडायला लावतील, ही धास्ती आहे त्यांना.

आणि म्हणून हे पत्र. तू फोन करतोस तेव्हा बाबा ओरडतात, सगळं मजेत, आणि आई मागून तेच म्हणते. आपल्या घरातही तुझीच ती ओळ चालू आहे रे, काही बिघडलं तरी कालचंच दाखवायचं. मी ती काढतेय. बाबांना दिसत नाही, बारक्या. इंजिनाची किल्ली मी तिकिटांच्या डब्यात लपवलीय आणि ते घरभर शोधताहेत, आईवर चिडताहेत. डब्यात शोधायचं त्यांना सुचलं की ते होडी काढतील, आणि माणसं भरून काढतील. माझं ऐकत नाहीत. तुझा हात धरून डॉक्टरकडे जातील. लगेच निघ.

किल्ली सांभाळून बसलेली,
तुझीच ताई