सुकलालच्या आरशाची काच

जळगाव, २४ जाने. १९४४

आज जीभ घसरली. कापसाच्या जिनवाल्या शेठच्या ओसरीवर गणपतीची तसबीर टांगायला गेलो होतो. अंगणात त्यांची ती बसकी, दोघांपुरती शर्यतीची मोटार. धुळ्याच्या एका साहेबाकडून घेतलेली, जुनीपुराणी. परवा धुळ्याहून येताना एरंडोलजवळ दगड उडाला नि पुढची काच गेली. मुलाचं लग्न २० फेब्रु.ला, नवरदेव याच गाडीतून मिरवायचा. शेठ चारचौघांत म्हणाले, "हे काम जळगावात कोणाला जमायचं नाही."

मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "मी बसवून देतो." तसबिरी मढवणारा माणूस मी! सगळे वळून बघायला लागले, ते बरं वाटलं.

२७ जाने.

काचेची चौकट सोडवून दुकानात आणली. पितळी, हिरवी पडलेली. चिंच-मिठाने घासली, लखलखीत निघाली. खाचेतलं रबर वाळून लाकूड झालेलं. खरवडून काढलं, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ठेवल्या. इथवर मजा आली. तसबिरीची काच लावून पाहिली, चौकट नुसती टेबलावर ठेवली तर तडकली. पाव इंच जाड पाहिजे.

२ फेब्रु.

मुंबईच्या व्यापाऱ्याचं कार्ड आलं. जाड काच लढाई संपेपर्यंत विसरा म्हणतो. काल धुळ्याला जाऊन आलो, तीन दुकानं पालथी घातली. नाही. स्टेशनाबाहेर शेठचे दिवाणजी भेटले. "होतंय ना मुरलीधर?" "होतंय की." बढाईच्या पाठोपाठ थाप.

५ फेब्रु.

दुकानात मागे सुकलाल न्हाव्याचा आरसा पडून आहे. जाड बेल्जमची काच, चारी कडांना पैलू. त्याच्या बापाला एका पारशी कापूसवाल्याने खूश होऊन दिलेला. पारा जागोजागी उडाला म्हणून दिवाळीत माझ्याकडे आणून दिला. पारा चढवायचा मसाला बाजारात नाही, म्हणून राहिलाय. सु. माझा शेजारी, वीस वर्षांची दोस्ती. कधी तगादा नाही. "तुन्हाकडे शे ना, मंग काय घाई?"

आज त्या आरशाला मापपट्टी लावली. नुसतं बघायला म्हणून.

बरोबर बसतो.

७ फेब्रु.

केलं. दुकानाचं दार लोटून घेतलं. पाठचा लाल रंग धुण्याच्या सोड्याने सुटला, पारा सोनाराकडच्या तेजाबाने. तोंड दिसत होतं तिथे पलीकडची भिंत दिसायला लागली. हिऱ्याने कापताना हात थरथरला नाही, याची आता लाज वाटते. तेव्हा रेघ सरळ येते का एवढंच डोक्यात. आणि काय सुरेख तुटली!

सौ. चहा घेऊन आली. बघितलं. पेला ठेवून गेली. मग आतून म्हणाली, "सुकलालभाऊंनी मला विचारलं तर मी खोटं बोलायची नाही."

९ फेब्रु.

सु.ला सांगितलं, आरसा हातातून निसटला, फुटला. वाक्य पाठ करून गेलो होतो. त्याने साबणाचा ब्रश खाली ठेवला, माझे दोन्ही हात धरून उलटेपालटे करून पाहिले. "आरसा शे, फुटना. तुन्हा हातले लागनं नही ना?"

नंतर माझी दाढीही केली. मी डोळे मिटून बसलो.

१४ फेब्रु.

सु.चं गिऱ्हाईक दिवाळीपासून वीतभर आरसा स्वतःच्या हातात धरून बसतं. मोठा आरसा आता येणार नाही कळल्यावर दोघेतिघे पलीकडच्या दुकानात जायला लागलेत. मी बघतो आणि मान वळवतो. दुसरं काय करतोय?

२० फेब्रु.

वरात झाली. काच अशी बसली की गाडी नवी वाटावी. चौकटीला वरच्या बाजूने पितळ नाही, तिथे काच उघडीच. पैलूची कड कापली असती तर काच आखूड पडली असती, म्हणून तशीच ठेवली. उन्हात तिच्यातून नवरदेवाच्या अंगावर रंग पडत होते, बायका एकमेकींना दाखवत होत्या. शेठनी सगळ्यांसमोर मला फेटा बांधला. गर्दीत सु. दोन्ही हात वर करून ओरडला, "आमना मुरलीभाऊ शे तो!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताच फेटा काढला. सौ.ने घडी केली नाही. कोपऱ्यात पडलाय.

२६ फेब्रु.

सु.च्या मेव्हण्याने कड ओळखली. काल सु.च्या ओट्यावर त्यांच्या जातीतले चौघे जमले होते, त्यांच्यापुढे म्हणाला, गाडीची काच आपल्याच आरशाची आहे, मुरलीने तुला फसवलं. सु. त्याच्यावर धावून गेला. सु.ची लेक यमुना बाळंतपणाला आलीय, दिवस भरत आलेत. तिला बाहेर बोलावलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून बोलला, मुरली खोटा असेल तर हिचं बरं होणार नाही.

मला हे त्यानेच सांगितलं, हसत. "बठ्ठासनं तोंड बंद करी टाकं."

सगळ्यांबरोबर माझंही बंदच राहिलं.

३ मार्च

आज सु.च्या दुकानात कोणी नाही असं बघून गेलो, सगळं सांगितलं. शेठ, बढाई, तेजाब, पाठ केलेलं वाक्य. वाटलं होतं शिव्या देईल, हाकलून देईल. तसं झालं असतं तर बरं. तो स्टुलावर बसला. म्हणाला, "मी पोरना डोकावर हात ठेयेल शे."

मग वस्तरा मिटवत, "आते कोनले सांगू नको."

मी हलका व्हायला गेलो होतो. माझं ओझं त्याच्यावर टाकून आलो. आता मेव्हण्यासमोर तोही खोटा.

८ मार्च

सु. बोलत नाही. मी समोरून गेलो की गिऱ्हाइकाच्या मानेकडे बघतो.

शेठकडे गेलो होतो, काच परत द्या म्हणायला. शेठ म्हणाले, "काय मुरलीधर, काय काम काढलं?" "सहज आलो होतो." पान खाऊन परत आलो. काय माणूस आहे मी!

१३ मार्च, दुपार

यमुनाला काल सकाळपासून कळा येताहेत. अडली आहे. सुईण आहे, डॉक्टरांकडे माणूस गेलाय. सौ. तिकडेच. मघाशी आली ती उंबऱ्यातूनच बोलली. "सुकलालभाऊ ओट्यावर बसलेत. ते चौघे आलेत, मेव्हणेही आहेत. भाऊ म्हणतात, मुरलीने येऊन यांच्यापुढे स्वतःच्या तोंडाने सांगावं, म्हणजे पोरीवरची शपथ उतरेल." एवढं बोलून गेली.

शपथेने कोणी अडत नाही, मला कळतं. डॉक्टर येतील, सुटेल ती. पण सु.चा विश्वास आहे. यमुनाचाही असणार, हात तिच्याच डोक्यावर होता.

चार वाक्यांचं काम आहे. संध्याकाळपर्यंत गावभर होतील. शेठच्या कानावर जातील. उद्यापासून माझ्याकडे देवाची तसबीर तरी कोण टाकेल?

टोपी घातली. काढली. पुन्हा घातली.

त्यांचं घर नि आमचं, मध्ये एकच भिंत. पोर कण्हते ते इथे स्पष्ट ऐकू येतंय, आणि मी लिहीत बसलो आहे.