टोर्विकच्या ट्रकात कुठलं तेल?

टोर्विक, नॉर्थ डकोटा
६ नोव्हेंबर १९९४

चि. आर्डिस हीस,

दादाचे अ. उ. आ. तिकडे अ‍ॅरिझोनात तुम्ही दोघं अनवाणी हिंडता असं वॉल्टरने कळवलं. हिंडा. इथे आज पारा शून्याखाली गेला आणि माणसांची डोकी त्याच्याही खाली.

आपल्या गावचा रस्त्यावरचं बर्फ हटवायचा ट्रक तुला आठवतच असेल. एकुलता एक, डिझेलचा, समोर फाळ लावलेला. आपला भाऊ ऑर्लिन होता तोवर त्याने चालवला, तो गेल्यापासून अकरा वर्षं मी चालवतोय. अकरा वर्षं मी त्याला साधं इंजिन ऑइल घातलं, वेळेवर बदललं, आणि त्याने एकदाही कुरकुर केली नाही. आता लाव्हॉनच्या डोक्यात सिंथेटिक तेल शिरलंय. ऑर्लिनची बायको म्हणून मी तिचं आजवर पुष्कळ ऐकून घेतलं. पण शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवल्यामुळे तिला इंजिन म्हणजे नववीचा वर्ग वाटतो.

गेल्या रविवारी तिने चर्चच्या तळघरात प्रयोग केला. दोन बरण्या आदल्या दिवसापासून फ्रीझरमध्ये; एकीत माझं तेल, एकीत तिचं. कॉफीच्या वेळी सगळ्यांसमोर दोन्ही केकच्या भांड्यांत ओतली. तिचं घळाघळा वाहिलं. माझं, खरं सांगतो, जरा विचार करत होतं. मी उभा राहून म्हटलं की ट्रक काही फ्रीझरमध्ये राहत नाही. ती म्हणाली की नाही कसा, नॉर्थ डकोटात राहतो. लोक हसले. मग मी सांगितलं की पातळ तेल जुन्या इंजिनाच्या फटीफटीतून गळतं, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

काल मतदान झालं. एकवीस विरुद्ध एकवीस. त्रेचाळिसावं मत तुझं. तुझं नाव अजून यादीत आहे, कारण नावं खोडत गेलो तर गाव चाळिशीच्या आत येईल आणि आपलं पोस्ट बंद होईल अशी सगळ्यांना धास्ती. जिंकणार या खात्रीने मी जुनं तेल आधीच काढून टाकलं होतं. त्यावर लाव्हॉनने ठराव करून घेतला की आर्डिसचं मत येईपर्यंत ट्रकात कुठल्याही तेलाचा थेंब पडता कामा नये. ट्रक उपाशीपोटी उभा आहे. तेव्हा मताची चिठ्ठी लवकर पाठव. खूण कुठे करायची हे मी सांगायला नको. तुला सायकल कुणी शिकवली, एवढं फक्त आठव.

लोभ आहेच. तो दाटच बरा; पातळ लोभ फार गळतो.

तुझा,
व्हर्लिनदादा


टोर्विक
९ नोव्हेंबर १९९४

प्रिय आर्डिस,

स. न. वि. वि. भाऊजींचं पत्र तुला मिळालं असेलच. पोस्टात ते माझ्यामागे रांगेत उभे होते. रांगेत आम्ही दोघंच होतो, तरी बोलले नाहीत.

गावाचं काय सांगू! चर्चमध्ये आता डावीकडे साध्या तेलवाले बसतात, उजवीकडे सिंथेटिकवाले. बर्निसने बटाटे आणि चीज भाजून केलेला मोठा कॅसरोल डावीकडच्यांनी शिवलासुद्धा नाही, कारण ती उजवीकडची. पाद्री फ्योल्डबाबांनी समेट व्हावा म्हणून बायबलमधली दिवे घेतलेल्या दहा कुमारिकांची गोष्ट वाचली; पाच शहाण्या जादा तेल घेऊन निघाल्या, पाच मूर्ख तशाच. दोन्ही बाजूंनी जोरजोरात माना हलवल्या. बाहेर पडताना भाऊजींनी त्यांना दारातच गाठून विचारलं, की शहाण्या मुलींच्या दिव्यात तेल कुठलं होतं ते स्पष्ट सांगा. ते बिचारे म्हणाले की ऑलिव्हचं असावं. तेव्हापासून दोन्ही बाजूंनी त्यांच्याशी अबोला धरलाय.

मी सिंथेटिकचे पाच डबे आणून ठेवलेत, प्रत्येकावर माझ्या हाताने लेबल लावलंय. गावच्या कारभारी मंडळाने ते सील करून चर्चच्या तळघरात भजनाच्या पुस्तकांखाली ठेवले. पुरावा म्हणून. कशाचा पुरावा, ते मंडळालाही ठाऊक नाही.

आता खरं कारण फक्त तुला सांगते. मागच्या जानेवारीत वीज गेली, इंजिन गरम ठेवणारा हीटर बंद पडला आणि ट्रक चालू होईना. भाऊजी पाऊण तास ट्रकखाली आडवे पडून गॅसच्या ज्योतीने इंजिन शेकत होते. बाहेर आले तेव्हा त्यांची दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला हे सांगायची सोय नाही. तुमची काळजी वाटते म्हटलं तर ते दुसऱ्या दिवशी मुद्दाम हातमोजे न घालता येतील. म्हणून मी रसायनशास्त्र सांगते.

मत विचार करून दे. वॉल्टरना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे, निकाल काहीही लागो.

तुझी,
लाव्हॉन


युमा, अ‍ॅरिझोना
२८ नोव्हेंबर १९९४

ती. व्हर्लिनदादास,

सा. न. वि. वि. उशीर झाला, रागावू नकोस. तीन आठवड्यांत टोर्विकहून सतरा फोन आले, दोन फ्रूटकेक आले आणि लोकरी मोज्यांचे चार जोड आले. इथे सावलीतसुद्धा घाम फुटतो. मोजे वॉल्टरने गोल्फच्या काठ्यांना घातलेत.

सल्ला घ्यावा म्हणून मी शेजारच्या निवृत्त ट्रकवाल्याला विचारलं. ती माझी चूक. त्याने साधं म्हटलं, त्याच्या बायकोने सिंथेटिक म्हटलं, आणि आता आमच्या वसाहतीत पोहण्याच्या तलावाच्या दोन काठांवर दोन पक्ष बसतात. यातल्या निम्म्यांकडे डिझेलची गाडीच नाही. एकाकडे तर गाडीच नाही.

मत आज रजिस्टर पोस्टाने टाकलं. काय दिलं ते सांगणार नाही. पण एक विचारते. ऑर्लिन जे तेल घालायचा तेच घालायचं, एवढंच आहे ना रे तुझ्या मनात? असेल तर तसं लाव्हॉनला सांग. ती त्याची बायको होती, तिला कळेल.

बोटं जप. कृपा आहे, ती असू दे.

तुझी,
आर्डिस


टोर्विक
१० डिसेंबर १९९४

चि. आर्डिस हीस,

अ. उ. आ. हे पत्र वाचून जाळ. तिकडे चूल नसेल तर उन्हात ठेव.

कालपर्यंत अशी गत होती: तुझी चिठ्ठी तालुक्याच्या पोस्टात अडकलेली. रस्ता बर्फाने बंद, म्हणून टपाल येत नाही. टपाल नाही म्हणून मत नाही. मत नाही म्हणून तेल नाही, तेल नाही म्हणून ट्रक नाही, आणि ट्रक नाही म्हणून रस्ता बंद. यावर परवा मंडळाने दोन तास चर्चा केली आणि ठरवलं की नियम म्हणजे नियम. मीच सगळ्यात मोठ्याने हो म्हटलं.

काल सकाळी वादळात वीज गेली. दहाच्या सुमाराला बर्निस धापा टाकत आली, म्हणाली की लाव्हॉन पोट धरून जमिनीवर पडली आहे. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की अ‍ॅपेंडिक्स दिसतंय, अ‍ॅम्ब्युलन्स हायवेपर्यंत येईल, पुढचे नऊ मैल तुमचे तुम्ही आणा. पारा उणे वीस. मी माझ्या तेलाचा डबा उघडून ट्रकात उपडा केला. काही बाहेर येईना. आर्डिस, मी डब्यात वाकून पाहिलं. ते नुसतं बसून होतं, थिजलेल्या काकवीसारखं. अकरा वर्षांचा माझा सोबती, आणि ऐन वेळी म्हणतो की नंतर या.

मी तळघरात गेलो. भजनाची पुस्तकं बाजूला केली, सील तोडलं आणि तिचे पाचही डबे ट्रकात ओतले. दुसऱ्या चावीला इंजिन लागलं. लाव्हॉनला गोधड्यांत गुंडाळून शेजारी बसवलं आणि फाळ खाली टाकून निघालो. वाटेत तिने विचारलं की तेल कुठलं. मी सांगितलं, माझंच, चुलीवर गरम करून घातलं. ती म्हणाली की मग आज तुमच्या तेलाने माझा जीव वाचवला, भाऊजी. मी रस्त्याकडे बघत राहिलो. रस्ता दिसत नव्हताच.

तिला अ‍ॅम्ब्युलन्सच्या हवाली करून परतल्यावर डब्यांत पाणी भरून सील पुन्हा चिकटवलं. चारच सापडले. पाचवा कुठे गेला कळत नाही.

ऑर्लिनबद्दल तू विचारलंस. होय. पण कालपासून वाटतं, तो माझ्या जागी असता तर तळघराकडे माझ्याआधी धावला असता. मी ठराव मोडला म्हणून मंडळ सोळा तारखेला पुन्हा मतदान घेणार आहे. मी काय करणार ते विचारू नकोस.

लोभाचं काय ते तू समजून घे. मला आज शब्द सुचत नाहीत.

व्हर्लिनदादा


टोर्विक
१९ डिसेंबर १९९४

प्रिय आर्डिस,

स. न. वि. वि. मी ठणठणीत आहे. टाके अजून ओढतात, म्हणून हसायला मनाई आहे, आणि या गावात ती पाळणं कठीण आहे.

भाऊजी तुला काही बोलले असतील असं वाटत नाही. त्या दिवशी ट्रकमध्ये माझ्या पायाखाली सारखं काहीतरी गडगडत होतं. कळ जरा थांबली तेव्हा खाली पाहिलं. माझा पाचवा डबा! लेबलवर माझंच अक्षर. आणि हे गृहस्थ मला सांगतायत की चुलीवर तेल गरम केलं. कान लालभडक झाले होते, आणि ते काही थंडीने नव्हे. मी पायाने डबा सीटखाली सरकवला आणि त्यांच्या तेलाचे आभार मानले. अ‍ॅम्ब्युलन्सवाले मला उचलत होते तेव्हा ते पाठ फिरवून फाळावरचं बर्फ झटकत होते, कितीतरी वेळ. त्यावर बर्फ नव्हतं.

दवाखान्यात पडल्या पडल्या ठरवलं, की मला तेल जिंकायचं नव्हतंच. हा माणूस ट्रकखाली आडवा होऊ नये एवढंच हवं होतं, ते काय, दोन डबे गुपचूप बदलूनही जमेल. म्हणून सोळा तारखेला मी साध्या तेलाला मत दिलं. आयुष्यात पहिल्यांदा विज्ञानाशी बेइमानी केली. पण निकाल ऐक. पुन्हा एकवीस विरुद्ध एकवीस! माझं मत तिकडे गेलं म्हणजे बावीस-वीस व्हायला हवं होतं. मी मोजणी तीनदा करायला लावली. तिकडचं कोण फितूर झालं, कळायला मार्ग नाही. भाऊजी तर माझ्याहून जास्त गोंधळलेले दिसले.

तुझं जुनं पाकीट आलं, पण मतदानच रद्द झाल्यामुळे न उघडता ठेवून दिलंय. आता नवी चिठ्ठी पाठव म्हणतात. बाई, आम्हाला सोडव.

तुझी,
लाव्हॉन


युमा
२७ डिसेंबर १९९४

ती. व्हर्लिनदादास सा. न., आणि प्रिय लाव्हॉनला स. न. वि. वि.

नवी चिठ्ठी मी पाठवणार नाही. जुनं पाकीट उघडून बघा, आत कोरा कागद आहे. माझं मनच होत नव्हतं. एकाने सायकल शिकवली, दुसरीने मॅट्रिकला पास केलं. खूण कुठे करणार? सगळं गाव पाच आठवडे एका कोऱ्या कागदाची वाट बघत होतं हे कुणाला सांगू नका, नाहीतर पुढच्या ख्रिसमसला मोजे यायचे नाहीत.

मत नाही, पण टपाल पाठवते. दादा, सोबत लाव्हॉनने मला लिहिलेली दोन्ही पत्रं आहेत, ती तुझ्यासाठी. लाव्हॉन, दादाचं दहा तारखेचं पत्र तुझ्यासाठी. ते मी जाळलं नाही, उन्हातही ठेवलं नाही. फितूर कोण याचा उलगडा त्यात होईल. तुम्ही दोघांनीही बाजू बदललीत, वेड्यांनो. एकाच टेबलाशी बसून वाचा. मध्ये उठायचं नाही. मग माझ्यावर रागावायचं असेल तर दोघं मिळून रागवा.

माझी आठवण ठेवा, आणि माझं नाव यादीतून काढा.

आर्डिस


टोर्विक
८ जानेवारी १९९५

चि. आर्डिस हीस,

अ. उ. आ. तुझं नाव यादीतून काढता येत नाही, पोस्टाचा प्रश्न आहे.

पत्रं वाचली. लाव्हॉनच्या स्वयंपाकघरात, एकाच टेबलाशी. तिने माझं वाचलं, मी तिची. बोटांबद्दल तिने लिहिलेलं मी दोनदा वाचलं. मग तिने पाण्याने भरलेल्या डब्यांचा विषय काढला आणि हसत सुटली, इतकी की टाके धरून बसावं लागलं. हसताना ती म्हणाली की भाऊजी, सील पुन्हा कशाने चिकटवलंत. मी म्हटलं, बर्निसच्या कॅसरोलमधल्या चीजने. त्यावर मलाही आवरेना. ऑर्लिन गेल्यापासून तिच्या घरात आम्ही दोघं हसलो नव्हतो.

काल आम्ही दोघांनी मिळून ट्रकाचं तेल बदललं. तिने टॉर्च धरला आणि मी हातमोजे घातले. मंडळाला कळवलं की तेल नियमाप्रमाणे घातलंय. डावीकडच्यांना वाटतं साधं घातलं, उजवीकडच्यांना वाटतं सिंथेटिक. आज सकाळी चर्चमध्ये सगळे जागा मिळेल तिथे बसले, आणि कॅसरोलचं भांडं तर चाटूनपुसून रिकामं झालं. फ्योल्डबाबा मात्र अजून बिचकून आहेत.

कुठलं तेल घातलं ते तुलाही सांगणार नाही. कोऱ्या कागदाला उत्तर कोरंच.

लाव्हॉन शेजारी बसून हे वाचतेय. तिचा नमस्कार, माझे आशीर्वाद, आणि लोभ दोघांचाही.

व्हर्लिनदादा