आखूड काडतूस

प्रिय मार्नी,

तुझं पत्र फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावून ठेवलंय. येता-जाता वाचतो आणि दर वेळी वाटतं, आपण नीट वाचलं नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी माझी लेक पुन्हा हरणाच्या शिकारीला येते म्हणते! आनंद झाला, पण मी कसा आहे तुला ठाऊक आहे, आनंद झाला की लगेच काळजी लागते. पिट्सबर्गहून येताना गाडीचे टायर बर्फावर चालणारे असू देत. नारिंगी जाकीट घे, टोपीही नारिंगीच. आणि ड्वेनमामाच्या घरच्या लोणच्यातली अंडी खाऊ नकोस, गेल्या वर्षी माझं पोट दोन दिवस धरलं होतं.

तू विचारलंस, कोणत्या काडतुसाची रायफल घेऊ. दुकानातल्या पोराने म्हणे तुला मोठं मॅग्नम काडतूस दाखवलं. त्याला म्हणावं, आमच्याकडे अस्वलाशी कुस्ती नाही, सत्तर किलोचं हरीण आहे, आणि झाडी इतकी दाट की शंभर पावलांपलीकडचं दिसतच नाही. एवढ्या हरणाला तोफ कशाला? दोनशे त्रेचाळीसची रायफल घेतलीस तर खांद्याला धक्का कमी बसेल. पण तिची गोळी हलकी, हरीण तिरकं उभं असलं तर मला धाकधूक वाटते. दोनशे सत्तर उत्तम, पण आवाज असा की माझा एक कान तिच्यापायीच गेला. मी तीन रात्री विचार करून ठरवलं, की सात मिलिमीटर शून्य आठ घे. धक्का सोसवेल असा, गोळी पुरेशी जड, आणि काडतूस आपल्या गावच्या दुकानातही मिळतं. मोठ्या गोळीने माणूस दचकतो आणि डोळे मिटून चाप ओढतो. मधल्या गोळीने तो डोळे उघडे ठेवतो. माझी शाळा आठवीत सुटली, पण एवढं मला कळतं.

हे मी चौथ्या दिवशीच लिहून पाठवलं असतं. पण तुझ्या पत्रात पुढे एक ओळ आहे: ‘बाबा, नेमाला माझा हात खराब आहे, तुम्हाला माहीतच आहे, तो सांभाळून घेईल अशी गोळी सांगा.’ त्या ओळीपाशी माझं पेन सहा आठवडे अडकलं होतं.

तू चौदा वर्षांची होतीस. थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार, हंगामाचा पहिला दिवस, शाळेला नेहमीसारखी सुट्टी. तुझ्या आईने शिवलेला लाल चौकड्यांचा शर्ट तू घातला होतास. नाश्त्याला मी तुझे मोजे दोनदा तपासले, बूट तीनदा. ‘ऑर्विल, पोरगी शिकारीला चाललीय की चंद्रावर?’ असं ड्वेन म्हणाला आणि सगळे हसले. मग तुझ्यासाठी मी काडतुसं घेतली. जंगलातल्या आपल्या शिकारीच्या कॅम्पवर उरलीसुरली सगळी काडतुसं एका कॉफीच्या डब्यात पडायची, हे तुला आठवत असेल. तुझ्या हातात माझी तीस-शून्य-सहा रायफल होती. माझा चष्मा गाडीतच राहिला होता. मी बोटांनी चाचपून पाच उचलली आणि तुझ्या खिशात घातली.

साठ पावलांवर एक नर आडवा उभा राहिला, शिंगांना आठ टोकं. तू श्वास सोडलास, थांबलीस, मी शिकवलं तसं अगदी. बार झाला आणि गोळी कुठल्या कुठे गेली. हरीण शेपूट वर करून पसार. काडतूस बाहेर काढायचा बोल्ट उघडेना, म्हणून मी रायफल तुझ्या हातातून घेतली आणि म्हणालो, ‘थंडीने अडकलाय.’

तो थंडीने अडकला नव्हता, मार्नी. काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर आली ती पोट फुगलेली, मान उसवलेली. ती तीनशे आठची होती. ड्वेनच्या रायफलीची. गोळी दोन्हींची सारख्याच जाडीची, फक्त हे काडतूस अर्धं बोट आखूड; म्हणून ते आत गेलं आणि उडालंही. तशी गोळी सरळ जाईलच कशी? उलट्या बाजूने वायू आला असता तर तुझे डोळे गेले असते. ते माझ्या डोक्यात आलं. मी पुंगळी खिशात टाकली, उरलेली चार तुझ्याकडून मागून घेतली आणि गप्प बसलो.

कॅम्पवर नियम म्हणजे नियम. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा पदर कापायचा. कॅम्पवरच्या आमच्या स्टॅशने कात्री आणली, ड्वेनने तुकडा भिंतीवर ठोकला आणि त्यावर तुझं नाव लिहिलं. ‘बापाचं नाक कापलंस गं!’ असं कोणी तरी ओरडलं. तू सगळ्यांबरोबर हसलीस. परतताना गाडीत खिडकीकडे तोंड करून रडलीस, आणि मी हीटरची कळ फिरवत राहिलो. ‘एक रायफल, काडतुसांचा एकच खोका’ असं जगाला शिकवत फिरणारा मी, कोणत्या तोंडाने सांगणार होतो? शिवाय तुझ्या आईने मला घरात घेतलं नसतं. मग एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. पुढे पुढे सांगणं जडच होत गेलं. तू पुन्हा कधी आली नाहीस.

गेल्या शनिवारी छपराच्या दुरुस्तीला आम्ही म्हातारे कॅम्पवर जमलो होतो. मी फुगलेली पुंगळी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. ड्वेनने ती हातात फिरवून फिरवून पाहिली. मग तो म्हणाला, ‘ऑर्विल, शर्ट बाहेर काढ.’ स्टॅश म्हणाला, ‘एकतीस वर्षांचं व्याज धर, कॉलरपर्यंत काप!’ ड्वेनने खरंच अर्धा शर्ट कापला. एकोणऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याची उघडी पाठ पाहून ते खोकला येईपर्यंत हसले, आणि मी पण. तुला सांगतो, त्या रात्री मी स्टोव्ह विझलाय का ते बघायला एकदाही उठलो नाही.

या पाकिटात लाल चौकड्यांचा एक तुकडा आहे. त्याच्या खिळ्यावर आता माझा तुकडा आहे, नाव आणि तारखेसकट. तारीख त्याच सोमवारची घालायला लावली. रायफल कोणतीही घे, नाही तर घेऊच नकोस. नुसती कॉफी प्यायला आलीस तरी चालेल. सांभाळून घेणारी गोळी मात्र मी तुला सांगणार नाही. तुला तिची गरज नाही. तुझा हात त्या दिवशी जराही हलला नव्हता. मी तुझ्या मागेच उभा होतो, मी पाहिलंय.

पाठीवर अर्धाच शर्ट असलेला,
तुझाच बाबा