चित्रकलेचा क्लेम

लोणंद,
मंगळवार, सकाळ

माझा शाळेच्या बाकावरचा सोबती सुभेदार ज्ञानदेव यास जयराजचा कडक सलाम. (बसल्या बसल्याच ठोकलाय. कंबर धरली आहे, गोड मानून घे.)

इकडं सगळं क्षेम आहे. म्हणजे संयोगिता क्षेम आहे, म्हैस क्षेम आहे, घराच्या पत्र्याचंही बरं चाललंय. माझ्या तब्येतीला पुढची सगळी पानं लागणार आहेत, म्हणून तिला रांगेत शेवटी उभं केलंय. तुझा गुडघा कसा आहे? सूनबाई प्रियंकाला आणि नातवाला आशीर्वाद सांग. हातानं लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर तू "बरं हाय, ठेवतो" म्हणतोस आणि खरोखरच ठेवतोस. पत्राला तसं करता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

तर गड्या, मेढ्याच्या शाळेतून तू फौजेत गेलास आणि मी दहा धंदे करून विम्यात. तू सरहद्दीवर लोकांना धोक्यापासून वाचवत होतास आणि मी लोणंदात लोकांना धोका समजावून सांगत घाबरवत होतो. सव्वीस वर्षं आरोग्य विमा विकला. लग्नात विकला, बारशात विकला, मयताच्या घरीसुद्धा विकला (तेराव्यानंतर, आधी नाही, एवढी तत्त्वं मला होती). मला बघून लोक रस्ता ओलांडायचे, आणि मी तो त्यांच्याआधी ओलांडून पलीकडं उभा असायचो. मग काय झालं, लोक पलंगावर पडल्या पडल्या मोबाईलवर विमा घ्यायला लागले. माझा फोन आधी कमी वाजायला लागला, मग वाजायचाच थांबला. दुकानात नेऊन दाखवला. दुकानदार म्हणाला, फोन चांगला आहे. तेवढं एक वाक्य मला पुढं फार जड गेलं.

हे संयोगिताला सांगायची छाती झाली नाही. म्हणून मी रोज नऊला इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग आणि डबा घेऊन निघायचो आणि लोणंद स्टेशनच्या बाकावर जाऊन बसायचो. पाचला परत. असे चार महिने. संध्याकाळी ती विचारायची, आज कुठं? मी म्हणायचो, फलटणला, एका डॉक्टरकडं. पुढं पुढं रोज नवीन गिऱ्हाईक रचणं होईना, म्हणून त्या एकाच डॉक्टरला वाढवत नेला. त्याला तीन मुली दिल्या, एक खडूस सासू दिली, आणि एका बेसावध क्षणी थोरल्या मुलीचं लग्न ठरवून टाकलं. संयोगितानं दुसऱ्या दिवशी आहेराची साडी आणून माझ्या हातात ठेवली. नसलेल्या नवरीची ती साडी बॅगेत घेऊन मी पंधरा दिवस बाकावर बसलो. (रंग चांगला होता, मोरपंखी.)

फलाटावर पेरू विकणारी सुलाबाई हे सगळं बघत होती. तिनं एकदा बाजारात संयोगिताला गाठलं आणि म्हणाली, "वैनी, सायेब रोज बाकावर बसत्यात. गाडी आली की उठत्यात, गाडी गेली की बसत्यात. कुठं जायाचं त्येच इसरल्यात का काय, बघा जरा."

संयोगिता घरी आली, चहा ठेवला आणि माझ्यासमोर बसली. तांब्या फेकून मारला असता तर मला सोपं गेलं असतं, मलम लावून मोकळा झालो असतो. मी खुलासा करायला तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. ज्या तोंडानं मी एका पहिलवानाला तीन वेळा पॉलिसी विकली होती, त्यातून "चहात साखर घाल" एवढंही येईना. झोप तर आधीच गेली होती. खरं सांगतो, त्या दिवसांत बाकावरून उठून फलाटाच्या कडेला जायचो ते गाडी बघायलाच जायचो का, हे माझं मलाच नीट माहीत नव्हतं. हे वाक्य मी इथं घाईनं लिहून टाकतोय आणि पुढं जातोय. तूही पुढं चल.

साताऱ्यात मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. जाताना मी टोपी कपाळावर ओढली होती, कुणी ओळखू नये म्हणून. दारातच एक जुनं गिऱ्हाईक भेटलं. त्यानंही टोपी ओढली होती. आम्ही एकमेकांना ओळखलं नाही. डॉक्टरांनी नैराश्य आहे म्हणून सांगितलं, गोळ्या लिहिल्या आणि वर चिठ्ठी दिली की दर आठवड्याला अंकिताबाईंकडं जाऊन चित्रं काढायची. कलोपचार म्हणतात त्याला. मी मनात म्हटलं, बासष्ट वर्षांच्या माणसाला खडू देऊन बसवणार, आता तेवढं शाळेत नाव घालायचं राहिलं.

अंकिताबाई तिशीच्या, आवाज चढवत नाहीत आणि वाईट म्हणजे घाईही करत नाहीत. खोलीत आम्ही तिघं. येसूबाई, निवृत्त शिक्षिका, त्या फक्त दारं काढायच्या. यल्लाप्पा, जतकडचा ट्रक ड्रायव्हर, त्याच्या गाडीखाली कुणी आलं होतं, तो सगळा कागद काळा करायचा. आणि मी. पहिले दोन आठवडे मी नुसत्या पेन्सिली तासल्या. सगळ्यांच्या तासल्या. तिसऱ्या आठवड्यात हिंमत करून आमची म्हैस काढली. यल्लाप्पा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "स्कूटर लय झ्याक जमलीया." मी दुरुस्ती केली नाही. वाहनांतलं त्याला जास्त कळतं.

चौथ्या आठवड्यात बाई म्हणाल्या, तुमचा रोजचा दिवस काढा. मी बाक काढला, त्यावर बॅग काढली, आणि थांबलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाईंनी विचारलं तर म्हणालो, डोळ्यात रंग गेला. मी पेन्सिलीनं काढत होतो. येसूबाईंनी त्यांचा रुमाल सरकवला आणि परत आपल्या दाराकडं वळल्या. त्या दिवशी मी घरी येऊन संयोगिताला सगळं सांगितलं, फलटणच्या डॉक्टरासकट. ती म्हणाली, डॉक्टर खोटा हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मग साडी का आणली? तर म्हणाली, वाटलं, आता तरी बोलाल.

एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण अंगातला एजंट. मी म्हटलं, पॉलिसी माझी, मीच मला विकलेली, मनाचे आजार त्यात आहेत, दवाखान्यात न राहता घेतलेल्या उपचारांचं कलमही आहे. मग आपला क्लेम का नको? फॉर्म इतका सुंदर भरला की फ्रेम करावा. पंधरा दिवसांत उत्तर आलं, सदर खर्च छंदवर्गाचा असल्याने देय नाही. छंदवर्ग. मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा खरा राग आला, आणि रागानं इतकं बरं वाटलं की क्षणभर वाटलं, गोळ्यांऐवजी कंपनीची पत्रंच घ्यावीत.

चित्रांची गुंडाळी काखेत मारली आणि तुमच्या सांगलीच्या ऑफिसला निघालो. (तुझ्याकडं यायची तेव्हा लाज वाटली.) त्या स्टेशनात इतके दिवस काढले, पण गाडीत चढलो तो त्या दिवशी. सुलाबाईनं पेरू दिला आणि पैसे घेतले नाहीत. सांगलीत क्लेमच्या टेबलावर कोण बसलेला? ऋषिराज. तुला आठवत असेल, मीच त्याला या धंद्यात आणला. उठून पाया पडला आणि खुर्चीत बसून विचारलं, "सर, चोवीस तास ऍडमिट होता का?" हा प्रश्न मीच त्याला शिकवला होता. पहिला हाच टाकायचा, निम्मी माणसं तिथनंच घरी जातात. मी त्याला म्हटलं, पुढचा विचार. तो म्हणाला, "सर, मला मान्य हाय तुमाला त्रास झाला. पण ह्यात उपचार कुठाय, ते दाखवा."

मी त्याच्या टेबलावर चित्रं पसरली. सगळं ऑफिस गोळा झालं. म्हशीला एकानं इस्त्रीची टपरी म्हटलं. मग ऋषिराजनं बाकाचं चित्र उचललं, लांब धरलं, जवळ धरलं आणि हळू विचारलं, "सर, ह्यात तुमी कुठं हाय?"

मी म्हटलं, मी ह्यात नाहीच. आणि मग त्या गर्दीत उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फोन, बाक, डॉक्टराच्या तीन मुली, फलाटाची कडसुद्धा. मधे कुणी हसलं नाही, आणि हसायच्या जागा मी भरपूर ठेवल्या होत्या. संपल्यावर ऋषिराजनं पाण्याचा ग्लास पुढं केला. तो त्याचा स्वतःचा होता, अर्धा प्यालेला, पण मी प्यालो. त्यानं डॉक्टरांची चिठ्ठी आणि अंकिताबाईंचा अहवाल जोडून प्रकरण फेरविचारासाठी वर पाठवलं.

मागच्या आठवड्यात निकाल आला. आठ सत्रांपैकी सहा मंजूर. पहिली दोन नामंजूर, कारण अहवालात लिहिलं होतं, "रुग्णाने पेन्सिली तासल्या", आणि कंपनीच्या मते पेन्सिल तासणं हा उपचार नव्हे. मला ते पटलं. अंकिताबाईंना पटलं नाही. त्या म्हणाल्या, "काका, सगळ्यात मोठा उपचार त्या दोन दिवसांतच झाला. तुम्ही खोलीत बसलात."

आता एक गोष्ट हसण्यासारखी नाही, तरी लिहितो. ऋषिराजसमोर उभा असताना मला मेढ्याच्या हरणाबाई आठवत होत्या. नऊ वर्षांपूर्वी त्या पोराचे कागद घेऊन आल्या होत्या. पोरगा बोलत नव्हता, खात नव्हता. मी कागद न वाचताच परत दिले आणि म्हटलं, डोक्याचं आपल्यात बसत नाही मावशी, पोराला जरा जत्रा दाखवून आणा. परवा नवा फॉर्म घेऊन त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, आता बसतं, मी भरून देतो. त्यांनी माझ्याकडं शांतपणे बघितलं. "आमी नेलाता त्येला जत्रंला," म्हणाल्या. "तुमी म्हणलाता म्हणून. लय रडला त्यो पाळण्यापाशी." मग चुलीकडं वळून म्हणाल्या, "अजून मधनंच गप हुतोय. फारम ठेवून जावा." मला वाटलं होतं माफी मागावी, पण शब्द सापडले नाहीत, तेव्हा फॉर्मच भरला. चहा दिला तो प्यालो. नको म्हणण्याएवढी लाज मला अजून आलेली नाही, उपचार चालू आहेत.

असो. पत्र लांबलं. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानग्यांच्या गालांना चिमटे, आणि तुला काय देऊ, म्हैस देतो. चित्रातली.

तुझा,
जयराज

ता. क. वर "उपचार चालू आहेत" हे विनोदानं लिहिलं असं समजशील. नाही, खरंच चालू आहेत. गोळी रात्री एक. सगळं बरं झालं असं मी वर भासवलं असेल तर ती सव्वीस वर्षांची सवय.

ता. क. दुसरा. हे पत्र लिहिण्याचं कारण विमा नाही. प्रियंकानं मला फोन केला होता. तिच्यावर चिडू नकोस. म्हणाली, बँकेतली रखवालीची नोकरी सुटल्यापासून आबा रोज सकाळी बूट पॉलिश करून, घालून, खोलीतच बसतात. ताट तसंच परत येतं. विचारलं की म्हणतात, मी ठीक हाय. गड्या, ते "ठीक हाय" मी ओळखतो.

ता. क. तिसरा, आणि आता खरंच शेवटचा. अंकिताबाई गुरुवारी सांगलीलाही येतात. पुढच्या गुरुवारसाठी तुझं नाव नोंदवलंय. साडेनऊला दारात येतो. बूट घातलेले असतीलच. तुला काही काढावं लागणार नाही, बोलावंही लागणार नाही. नोंदणीच्या कागदावर "रुग्णाशी नातं" असा एक रकाना होता. मी "सख्खा भाऊ" लिहून आलोय. खोटं आहे म्हणून तुझी हरकत असेल, तर गुरुवारी स्वतः येऊन खोड.